ओकिनावा १९४५ : लढाई जशी सरकली त्याच क्रमाने, सहा दिवसांत

ओकिनावा या जपानच्या दक्षिणेकडच्या बेटावरची दुसऱ्या महायुद्धातली युद्धस्थळं पाहायला येणारे बहुतेक जण नाहा विमानतळावर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट दक्षिण टोकाची बस धरतात. हिमेयुरी, माबुनी ही तिथली स्मारकं, संध्याकाळी परत. म्हणजे लढाईचा शेवट आधी पाहून होतो आणि सुरुवात राहूनच जाते. इथे दिलेला क्रम उलटा आहे. अमेरिकन फौज जिथे किनाऱ्याला लागली तिथून निघायचं आणि ती जशी दक्षिणेकडे सरकली तसंच सरकायचं. गाडीने हे अंतर फार तर दीड तासाचं. फौजेला १ एप्रिल १९४५ पासून जून संपत येईपर्यंत लागलं. या क्रमाने गेलं की एक गोष्ट नकाशाशिवाय कळते : जपानी सैनिकांइतकीच सामान्य माणसंही का मेली.

निघण्याआधी थोडं. मुंबईहून नाहाला थेट विमान नाही. बँकॉक, तैपेई, हाँगकाँग किंवा टोकियो यांपैकी कुठेतरी बदलावं लागतं. गाडी भाड्याने घ्यायची असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊनच निघा. नुसतं भारतातलं स्मार्ट कार्ड दाखवलं तर काउंटरवरूनच परत पाठवतात, आणि तिथे पोचल्यावर त्यावर उपाय नाही. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. ओकिनावात मात्र अमेरिकन अमलामुळे ३० जुलै १९७८ पर्यंत उजवीकडून चालायच्या; एका रात्रीत सगळ्या बेटाची बाजू बदलली. मे आणि जूनचा बराचसा भाग पावसाळ्याचा, जुलै ते ऑक्टोबर वादळांचा. नोव्हेंबर ते मार्च सर्वात सोयीचा. पण पावसाळ्याच्या शेवटी, लाल चिखलात गेलात तर लढाई जास्त समजते, हेही खरं.

घट्ट पकडीचे बूट, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि सुती हातमोजे घ्या. वाट सोडून झाडीत शिरू नका. इथे हाबू नावाचा विषारी साप आहे. गंजलेला लोखंडी तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, ११० नंबरवर पोलिसांना कळवायचं. लढाईत पडलेल्या दारूगोळ्यातला अंदाजे १०,००० टन फुटलाच नव्हता. त्यातला बराच नंतर काढला, तरी दोनेक हजार टन अजून जमिनीत आहे असं धरतात. पाया खणताना बॉम्ब निघणं, रस्ता बंद करून वस्ती हलवणं, सैन्याच्या पथकाने तो निकामी करणं ही इथल्या वर्तमानपत्रातली नेहमीची बातमी.

पहिला दिवस : नाहा

आजचा दिवस हलका. विमानतळावरून युई रेल ही मोनोरेल पकडा. एक दिवसाचा पास तारखेने नाही, घेतल्या वेळेपासून २४ तास चालतो, त्यामुळे दुपारी घेतला तरी वाया जात नाही. असाहिबाशीला उतरलं की शेजारीच बस टर्मिनल. युद्धाआधी इथे नाहा रेल्वे स्थानक होतं. १९१४ साली सुरू झालेली ७६२ मिलिमीटर रुंदीची छोटी गाडी, आपल्या नेरळ-माथेरानच्या रुळांपेक्षा थोडी रुंद. १९४५ मध्ये ती संपली, आणि ओकिनावाला पुन्हा रुळावरची गाडी मिळाली ती २००३ मध्ये, ही मोनोरेल.

नाहात जुनं शहर शोधू नका. १० ऑक्टोबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात शहराचा सुमारे ९० टक्के भाग जळाला. त्याआधी २२ ऑगस्टला, मुलांना बेटावरून हलवणारं 'त्सुशिमा मारू' हे जहाज अमेरिकन पाणबुडी 'बोफिन'ने बुडवलं होतं. जवळजवळ १,५०० माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक शाळकरी मुलं. त्यांचं छोटं संग्रहालय किनाऱ्याजवळ आहे, तासाभरात होतं. ती पाणबुडी आज पर्ल हार्बरला संग्रहालय म्हणून उभी आहे.

दुसरा दिवस : योमितान, कादेना

गाडी असेल तर ५८ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला. नसेल तर नाहा टर्मिनलवरून २८ किंवा २९ क्रमांकाची योमितानची बस. बसमध्ये चढताना यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, उतरताना समोरच्या पाटीवर त्या क्रमांकाखाली जे भाडं दिसेल ते भरायचं. १,००० येनची नोट बसमधल्या यंत्रात सुटी होते, ५,००० आणि १०,००० ची होत नाही. इथे परदेशी प्रवासी हमखास अडकतात.

हागुशीचे किनारे पाहून आधी निराशाच होते. प्रवाळाचा उथळ कठडा, पलीकडे सपाट शेतं, ऊस. तो सपाटपणाच महत्त्वाचा. १ एप्रिलच्या सकाळी साडेआठला अमेरिकन सैन्य इथे उतरलं आणि गोळीबार जवळजवळ झालाच नाही. संध्याकाळपर्यंत साठेक हजार माणसं किनाऱ्यावर, योमितान आणि कादेना या दोन्ही धावपट्ट्या हातात. जपानच्या ३२ व्या सैन्याचे प्रमुख उशिजिमा मित्सुरु यांच्याकडची एक कसलेली डिव्हिजन काही महिन्यांपूर्वीच तैवानला हलवली होती. त्यामुळे कर्नल याहारा हिरोमिची यांनी आखणी बदलली : किनारा सोडून द्यायचा, शुरी किल्ल्याभोवतीच्या टेकड्यांत खोल जायचं, आणि शत्रूला जितके दिवस अडकवता येईल तितके अडकवायचं. जपानच्या मुख्य बेटांना तयारीला वेळ मिळावा हा त्यामागचा हिशेब. बेटावरच्या लोकांचं काय, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

दुपारी दोन गुहा. चुनखडीतल्या या नैसर्गिक गुहांना ओकिनावात 'गामा' म्हणतात. चिबिचिरीगामामध्ये गावातले १४० च्या आसपास लोक लपले होते. २ एप्रिलला त्यातल्या ऐंशीहून अधिक जणांचा जीव गेला, एकमेकांना मारून आणि स्वतः मरून; त्यात निम्म्याहून अधिक मुलं. पकडले गेलो तर हाल करून मारतील असं त्यांना शिकवलेलं होतं. पायऱ्या उतरून ओढ्याकाठच्या तोंडापर्यंत जाता येतं. आत जायचं नाही. ती नातेवाइकांच्या दृष्टीने समाधी आहे आणि तशी पाटीही आहे. जवळच, सुमारे एक किलोमीटरवर, शिमुकु गामा. त्यात हजारेक लोक होते आणि ते सगळे वाचले, कारण त्यांच्यात हवाईला राहून आलेले दोघे होते. अमेरिकन लोक नागरिकांना मारत नाहीत हे त्यांनी इतरांना पटवलं आणि स्वतः बाहेर जाऊन बोलणी केली. दोन्ही गुहा एकाच दिवशी, पाठोपाठ पाहाव्यात.

परतताना कादेनाच्या रस्त्याकाठच्या विश्रांतिस्थळी थांबा. गच्चीवरून कादेना हवाई तळ समोर पसरलेला दिसतो; दोन्ही धावपट्ट्या साडेतीन किलोमीटरहून लांब. लढाऊ विमान उठलं की बोलणं बंद पडतं. तळाचे फोटो गच्चीवरून काढता येतात, ड्रोन मात्र उडवायचा नाही. जपानच्या एकूण भूभागापैकी ओकिनावा ०.६ टक्के, आणि फक्त अमेरिकन सैन्याच्या वापरातली जपानमधली सुमारे ७० टक्के जमीन एकट्या या प्रांतात. ७ सप्टेंबर १९४५ ला र्‍युक्यु बेटांच्या (ओकिनावा त्यातलंच) शरणागतीवर सह्या झाल्या त्या याच तळाच्या आवारात, त्यामुळे ती जागा बाहेरच्यांना पाहता येत नाही.

तिसरा दिवस : काकाझु ते शुरी

या सहा दिवसांतला सर्वात चालण्याचा आणि सर्वात शिकवणारा दिवस. लवकर निघा, दोन लिटर पाणी जवळ ठेवा.

काकाझु ताकादाई हे साधं शहरी उद्यान आहे. सकाळी आजोबा लोक व्यायाम करतात. टेकडीवर एक ठेंगणी काँक्रीटची खोली आहे, ती जपानी मशीनगनची चौकी. मागच्या भोकातून वाकून आत पाहा. समोर दोन अरुंद फटी, आत कशीबशी दोन-तीन माणसं मावतील. बाहेरच्या काँक्रीटचे टवके उडालेत, आतले लोखंडी गज दिसतात. आता टेकडीच्या माथ्यावर जाऊन दोन्ही बाजू बघा. अमेरिकन उत्तरेकडून आले. जपान्यांनी मुख्य माणसं आणि उखळी तोफा ठेवल्या होत्या दक्षिणेच्या, म्हणजे पलीकडच्या उतारावर. समुद्रातून आणि उत्तरेतून कितीही तोफा डागल्या तरी गोळे पुढच्या उतारावर पडायचे किंवा डोक्यावरून जायचे. अमेरिकन शिपाई माथ्यावर आला की आकाशाच्या पार्श्वभूमीवर उघडा पडायचा आणि मागच्या उतारावरून मारा सुरू व्हायचा. माथा मिळायचा, टिकायचा नाही. ९ एप्रिलपासून हेच चाललं. १९ एप्रिलला तीस रणगाडे पायदळाशिवाय पुढे घुसले आणि त्यातले २२ गेले, काही सुरुंगांनी आणि टँकभेदी तोफांनी, काही स्फोटकांची पेटी घेऊन अंगावर धावून आलेल्या शिपायांमुळे. पायदळ मागे का राहिलं? कारण जपान्यांनी मशीनगनने रणगाडे आणि पायदळ यांची मुद्दाम फारकत केली होती.

उद्यानात क्योतोच्या सैनिकांचं स्मारक आहे, कारण इथे लढलेल्यांत तिकडचे पुष्कळ होते. आणि इथे मेलेल्या कोरियन लोकांचंही आहे. निरीक्षण मनोऱ्यावरून फुतेन्मा हा अमेरिकन तळ दिसतो. तो लढाई चालू असतानाच, गावांच्या जमिनीवर बांधला गेला. आज चारही बाजूंनी शहर आहे. परत देण्याचा करार १९९६ चा. तळ अजून तिथेच आहे. वेळ असेल तर कुंपणाला लागून असलेल्या साकिमा कलासंग्रहालयाच्या गच्चीवर जा (मंगळवारी बंद). गच्चीवरच्या जिन्याचे टप्पे ६ आणि २३ पायऱ्यांचे, आणि वरची चौकोनी खिडकी २३ जूनच्या, म्हणजे ओकिनावाच्या स्मरणदिनाच्या, मावळत्या सूर्याच्या रेषेत आहे.

काकाझुहून माएदाच्या कड्याला टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. मोनोरेलने येणाऱ्यांनी उरासोए-माएदा स्थानकावर उतरून चालावं. उरासोए किल्ल्याच्या भिंतींपर्यंत चढ सोपा आहे, कारण स्थानक दक्षिणेला आहे, जपानी बाजूला. अमेरिकनांच्या वाट्याला उत्तरेचा सरळ तुटलेला कडा आला. त्यांनी दोर आणि जहाजावरची मालाची जाळी टाकून तो चढला. डेस्मंड डॉस हा बंदूक न घेणारा वैद्यकीय शिपाई, मेच्या सुरुवातीला इथेच मागे राहून जखमींना एकेक करून दोरीने खाली सोडत होता. पंचाहत्तर हा आकडा त्याच्या पदकाच्या प्रशस्तीपत्रात आहे. कठड्याजवळून खाली पाहिलं की त्या दोरीची लांबी कळते. त्याच्यावरच्या चित्रपटामुळे आता इथे परदेशी लोक बरेच येतात आणि कड्याचा फोटो काढून जातात. त्यांनी खालच्या पाट्याही वाचाव्यात. उरासोए गावातली जवळजवळ ४५ टक्के माणसं या युद्धात मेली.

पुढे मोनोरेलने ओमोरोमाची. मॉल, हॉटेलं, ड्यूटी-फ्री दुकान, आणि मधेच पाण्याची टाकी असलेला एक उंचवटा. हा शुगर लोफ. उंची पंधरा मीटरच्या आसपास, एका दमात चढता येते. १२ ते १८ मे या आठवड्यात सहाव्या मरीन डिव्हिजनचे इथे आणि आजूबाजूला मिळून २,६०० हून अधिक मृत आणि जखमी झाले, शिवाय हजारावर माणसं मनाने कोलमडून मागे न्यावी लागली. एवढ्याशा ढिगाऱ्यासाठी? उत्तर शेजारी आहे. मागे डावी-उजवीकडे आणखी दोन टेकड्या होत्या, तिघींचा मारा एकमेकींच्या समोरच्या उतारावर पडायचा. शिवाय शुरीच्या उंचीवरून तोफा. एक टेकडी घेऊन उपयोग नव्हता. तिन्ही एकदम घ्याव्या लागत होत्या. आता इमारतींमुळे त्या रेषा दिसत नाहीत. टाकीजवळच्या फलकावरचा नकाशा पाहून दिशा लावून घ्या.

शेवटी शुरी किल्ला. किल्ल्याखाली ३२ व्या सैन्याचं मुख्यालय होतं, एकूण किलोमीटरभर लांबीचे बोगदे. आत जाता येत नाही. झाडीतून तोंडांच्या खुणा आणि फलक तेवढे दिसतात. किल्ला १९४५ मध्ये नष्ट झाला, १९९२ मध्ये पुन्हा उभा राहिला, ३१ ऑक्टोबर २०१९ ला मुख्य इमारत आगीत गेली. पुनर्बांधणी २०२६ च्या शरद ऋतूत पुरी करायचं ठरलेलं आहे.

खरी गोष्ट जमिनीखाली घडली. २२ मेच्या बैठकीत उशिजिमांपुढे प्रश्न होता : शुरीतच शेवटपर्यंत लढायचं की मागे हटायचं? शुरीत थांबले असते तर लढाई मेअखेर संपली असती. त्यांनी दक्षिण टोकाला हटायचं ठरवलं. त्या टोकाला तेव्हा नागरिक होते, लष्कराच्याच सांगण्यावरून आणि जीव वाचवायला पळून आलेले. उद्या आणि परवा जे पाहायचं आहे त्यातलं बहुतेक या एका निर्णयातून आलं.

चौथा दिवस : हाएबारु, तोमिगुसुकु

हाएबारुच्या सैनिकी रुग्णालयाच्या टेकडीत तीसेक बोगदे खोदले होते. त्यातला २० क्रमांकाचा उघडा आहे. नोंदणी आधी करावी लागते, हेल्मेट देतात, थोड्या-थोड्या लोकांना मार्गदर्शकाबरोबर सोडतात. लांबी सत्तरेक मीटर, रुंदी आणि उंची साधारण १.८ मीटर, त्यातच एका कडेला दोन मजली फळ्या आणि त्यावर जखमी. मधोमध टॉर्च विझवून थोडा वेळ अंधारात उभं करतात. नोंदणी कार्यालयाजवळ एक बाटली ठेवलेली असते : त्या वेळी इथे असलेल्यांच्या सांगण्यावरून तयार केलेला वास, पू, घाम, मलमूत्र, जंतुनाशक. हुंगायचं की नाही ते तुमच्यावर. मेअखेर माघारीचा हुकूम आल्यावर चालता न येणाऱ्यांना दुधातून सायनाइड देण्यात आलं.

दुपारी तोमिगुसुकुचं नौदलाचं भूमिगत मुख्यालय. शंभरेक पायऱ्या खाली, एकूण ४५० मीटरपैकी ३०० मीटर पाहता येतं. भिंतींवर कुदळीचे घाव अजून ताजे वाटतात. अधिकाऱ्यांच्या एका खोलीच्या भिंतीवर मात्र बारीक खड्डे आहेत, कांजिण्यांच्या व्रणांसारखे. ते हातबॉम्बचे, आतच फोडलेल्या. नौदलाचे प्रमुख ओता मिनोरु यांनी ६ जूनला तार पाठवली. सम्राटाची आणि विजयाची नेहमीची भाषा टाळून त्यांनी ओकिनावाच्या लोकांनी काय सोसलं ते एकेक करून लिहिलं, आणि पुढच्या काळात या लोकांचा विशेष विचार व्हावा अशी विनंती केली. १३ जूनला त्यांनी जीव दिला. ओकिनावात आजही तळांवर वाद झाला की त्या तारेची आठवण काढली जाते.

जेवणाचं इथेच सांगून टाकू. कारलं इथे 'गोया' म्हणून घराघरात. पण गोया चानपुरू या परतलेल्या भाजीत डुकराचं मांस किंवा अमेरिकन डबाबंद 'स्पॅम' असतं. स्पॅम लढाईनंतरच्या छावण्यांच्या शिध्यातून स्वयंपाकघरात शिरलं आणि राहिलं. शाकाहाऱ्यांनी 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही, सोबा या शेवयांच्या रश्श्यात डुकराची हाडं आणि मासा असतो. शेंगदाण्याचं जिमामी तोफू, जांभळं रताळं, भात आणि किराणा दुकानातली फळं यांवर दिवस निघतो. संध्याकाळी आसातो स्थानकाजवळच्या साकाएमाची बाजारात जा. युद्धाआधी इथे मुलींच्या दोन शाळा होत्या. उद्याच्या हिमेयुरी त्या शाळांच्या मुली.

पाचवा दिवस : दक्षिण टोक

नाहाहून ८९ क्रमांकाच्या बसने इतोमान, तिथून ८२ ने पुढे. दुसरी बस तासाला साधारण एकच, म्हणून इतोमानला उतरल्या उतरल्या परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा.

हिमेयुरीच्या २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक २३ मार्चच्या रात्री हाएबारुच्या रुग्णालयात शुश्रूषेला रुजू झाले. मुली पंधरा ते एकोणीस वर्षांच्या. माघारीबरोबर त्याही इकडे आल्या. १८ जूनला पथक बरखास्त झाल्याचं सांगून त्यांना गोळीबारात बाहेर सोडलं. त्या २४० पैकी १३६ मेले, आणि त्यातले शंभराहून अधिक बरखास्तीनंतर. संग्रहालय याच गुहांमधून वाचलेल्या विद्यार्थिनींनी १९८९ मध्ये उभं केलं. दारात फुलं विकणाऱ्या बायका हाक मारतील. घेणं सक्तीचं नाही. स्मारकाचा फोटो काढून वळू नका. त्याच्यासमोरचं जमिनीतलं भोक, तीच ती गुहा.

माबुनीला तीन तास तरी ठेवा. 'शांतीची कोनशिला' म्हणजे काळ्या ग्रॅनाइटच्या घड्याघड्यांच्या भिंती, १९९५ मध्ये उभ्या केलेल्या, त्यावर २,४०,००० हून अधिक नावं. देश, सैनिक-नागरिक असा भेद नाही. १४,००० च्या वर नावं अमेरिकन. ओकिनावाची नावं गावांप्रमाणे लावली आहेत. एखाद्या गावाच्या भिंतीसमोर नीट थांबलात तर एकच आडनाव ओळीने खाली उतरताना दिसेल, आणि अधूनमधून नाव नसलेलीही नोंद : अमक्याची थोरली मुलगी, अमक्याचा मुलगा. नाव माहीत असलेलं कोणी उरलं नाही. प्रांताच्या हिशेबाप्रमाणे एकूण मृत २,००,६५६. त्यात ओकिनावाचे नागरिक अंदाजे ९४,०००, स्थानिक सैनिक २८,२२८, जपानच्या इतर भागांतले सैनिक ६५,९०८, अमेरिकन १२,५२०. संग्रहालयाचं तिकीट ३०० येन. साक्षींच्या दालनात मोठ्या अक्षरांत छापलेले जबाब उभ्यानेच वाचायचे असतात. घाई करू नका.

मागच्या टेकडीवर उशिजिमांची शेवटची गुहा. २२ किंवा २३ जूनला त्यांनी आणि चीफ ऑफ स्टाफ चो यांनी आत्महत्या केली, पण शरणागती न देता, शेवटपर्यंत लढण्याचा आदेश मागे ठेवून. त्यामुळे संघटित लढाई संपली तरी मरणं थांबली नाहीत. अमेरिकन सेनापती बकनर चार-पाच दिवस आधीच, १८ जूनला जवळच्या माएझातोला तोफेच्या माऱ्यात मारले गेले होते. तिथे छोटं स्मारक आहे, गाडीशिवाय गैरसोयीचं. २३ जून हा ओकिनावात स्मरणाचा दिवस, सार्वजनिक सुट्टी. त्या दिवशी आलात तर पहाटे या. नंतर रस्ते बंद होतात.

सहावा दिवस : इए बेट

हा दिवस क्रमाबाहेरचा, बेट उत्तरेला आहे. नाहाहून मोतोबू बंदर गाडीने दोन तास, तिथून फेरी अर्धा तास. फेऱ्या दिवसाला मोजक्या आणि वेळ ऋतूप्रमाणे बदलते. वारा वाढला तर रद्द. बेटावर सायकल भाड्याने मिळते. मधला १७२ मीटरचा सुळका सोडला तर सगळं सपाट, आणि म्हणूनच इथे धावपट्ट्या होत्या. १६ ते २१ एप्रिल एवढीच लढाई, पण मेलेल्यांत सुमारे १,५०० गावकरी. वार्ताहर अर्नी पाइल १८ एप्रिलला इथेच मारला गेला. त्याचं स्मारक रस्त्याकाठी आहे. गावात वस्तू गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या सरकारी दुकानाची एक काँक्रीटची इमारत जशीच्या तशी ठेवली आहे, भिंतींना गोळ्यांची भगदाडं. बेटावर युद्धाआधीचं बांधकाम जवळजवळ एवढंच.

१९ ऑगस्ट १९४५ ला पांढरा रंग आणि हिरवे क्रॉस लावलेली दोन जपानी विमानं इथे उतरली. शरणागतीच्या अटी समजून घ्यायला निघालेलं शिष्टमंडळ इथून अमेरिकन विमानात बसून मनिलाला गेलं. नंतर बेटाची बरीचशी जमीन तळासाठी घेतली गेली. आजही सुमारे एक तृतीयांश अमेरिकन सैन्याकडे आहे. १९५० च्या दशकात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांनी इथे शस्त्र न उचलता, बसून आणि चालून लढा दिला. त्यांचे नेते आहागोन शोको यांनी उभारलेलं घरगुती संग्रहालय गावाबाहेर आहे : सरावाच्या बॉम्बची टरफलं, काडतुसं, फाटके कपडे, हाताने लिहिलेल्या पाट्या, सगळं एका खोलीत खचाखच. आधी फोन करून जा, आणि बंदराकडे परतायला सायकलने लागणारा वेळ धरूनच निघा.